बघतो, कळवतो

“हॅलो, दत्तात्रेयजी से बात हो रही है?”

दत्तात्रय हे माझ्या वडिलांचं नाव. ते 1998 साली गेले. हयातीत त्यांनी एकदाच कर्ज काढलं होतं, पतपेढीकडून, छताच्या पंख्यासाठी. आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्यांनी तो पंखा दोनच्या पुढे जाऊ दिला नाही. अशा माणसाच्या नावे आज एक वैयक्तिक कर्ज, एक गृहकर्ज आणि दोन क्रेडिट कार्डं मंजूर होऊन पडली आहेत. दोष आपल्या नावं लिहिण्याच्या पद्धतीचा. आपण स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असे तीन डबे जोडतो. फोन करणाऱ्यांच्या संगणकात डबे दोनच. मग आडनाव यार्डात राहतं आणि वडील गाडीला लागून येतात.

सुरुवातीला मी खरं काय ते सांगायचो.

“ते नाहीत.”

“कब तक आएँगे सर?”

“नहीं आएँगे.”

“कोई बात नहीं सर, मैं शाम को ट्राय करती हूँ.”

आणि खरंच, ऐन दिवेलागणीला पुन्हा फोन. वडिलांची एवढ्या चिकाटीनं वाट मी स्वतःही पाहिली नव्हती.

आता कुणी म्हणेल, सरळ ‘नको’ म्हणून फोन ठेवावा. इथंच तर घोडं पेंड खातं. आपल्या भाषेत नकाराला शब्द नाही असं नाही, पण तो आपण घरच्या माणसांसाठी राखून ठेवलेला आहे. परक्याला आपण ‘बघतो’ म्हणतो. ‘कळवतो’ म्हणतो. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो. मुलीसाठी आलेलं स्थळ नाकारायचं तर ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून कळवतो आणि समोरचाही शहाण्यासारखा पुढचा पत्ता शोधतो. पत्रिका कुणी उघडूनही पाहिलेली नाही, हे दोन्ही घरांना माहीत असतं. या समजुतीवर आपला समाज शेकडो वर्षं चालला. फोनवरच्या मंडळींना ती समजूत कुणी शिकवलेली नाही.

माझा पुतण्या नोकरी लागण्याआधी सहा महिने अशाच एका कॉल सेंटरमध्ये बसत होता. त्यानं मला आतली व्यवस्था सांगितली. फोन माणूस लावत नाही, यंत्र लावतं. एकाच वेळी बऱ्याच नंबरांना लावतं, आणि जो आधी उचलेल तो मोकळ्या बसलेल्या मुलाच्या कानात सोडतं. दुसऱ्यानं कुणी त्याच वेळी उचलला तर त्याच्या वाट्याला नुसती शांतता येते. आपण “हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये” म्हणत गॅलरीत जातो, खिडकीतून अर्धे बाहेर लोंबतो, तेव्हा पलीकडे मुळी कुणी नसतंच. बोलणं संपलं की त्या मुलाला एक बटण दाबावं लागतं: रस आहे, रस नाही, पुन्हा फोन करा.

“आणि ‘बघतो’ म्हटलं तर?” मी विचारलं.

“पुन्हा फोन करा,” तो म्हणाला. “काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर आमचा महिना भरायचा.”

‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं तर म्हणे तारीख टाकायची सोय असते. यावर माझा विश्वास बसायचं कारण असं, की एकदा कर्जतच्या पुढं कुठंतरी एन.ए. प्लॉट विकणाऱ्या गृहस्थांना मी “आत्ता पितृपक्ष चालू आहे” असं सांगून वाटेला लावलं होतं. माझ्या मते हा अभेद्य नकार होता. पितृपक्षात प्लॉटचं नाव काढणाऱ्या मराठी घराशी कुणी सोयरीकसुद्धा करणार नाही. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी नऊला फोन. “सर, पितृपक्ष संपला.” आमच्या घरात घट बसायचा होता. त्यांचा बसून झाला होता.

सकाळी आम्ही सहा-सात निवृत्त माणसं डोंबिवलीच्या मैदानावर फेऱ्या मारतो, आणि मग फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ कट्ट्यावर बसतो. तिथं प्रत्येकाचा एकेक उतारा आहे. एकजण फोन सरळ चार वर्षांच्या नातवाच्या हातात देतात. नातू पलीकडच्या माणसाला जेसीबीची सगळी माहिती देतो. दुसरे मालवणीत सुरू होतात आणि थांबत नाहीत. तिसऱ्यांचा उतारा सर्वांत जालीम समजला जातो. ते आवाज एकदम खाली आणून सांगतात, “मी आत्ता स्मशानात आहे.” परवा त्यांनी तो वापरला. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली, मग तितक्याच हळू आवाजात तिनं विचारलं, “कितने बजे फ्री होंगे सर?”

तेव्हापासून तेही ‘बघतो’वर आले आहेत.

या सगळ्यात माझी अडचण थोडी वेगळी आहे. मी 34 वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. कर्ज म्हणजे काय हे मी पाहिलेलं आहे. पायातल्या चपला झिजवून माणूस टेबलापाशी येई. त्याला आधी बसायला सांगायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. मग दोन जामीनदार, त्यांचे पगाराचे दाखले, घरपट्टीची पावती. सगळं घेऊन तो आला की पावती गेल्या वर्षीची निघे. ती बदलून आणली की एका जामीनदाराची बदली झालेली असे. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. मी काही दुष्ट नव्हतो. कर्ज सहज मिळालं तर घेणाऱ्याला त्याची किंमत राहत नाही, असं आमच्या मॅनेजरांचं म्हणणं होतं आणि मला ते पटत असे.

आणि आता तेच कर्ज वामकुक्षीच्या वेळी उशाशी येऊन विचारतं, सर, दोन मिनिटं बोलू का? हे म्हणजे सासरेबुवांनीच जावयाच्या दारात येऊन “हुंडा किती देऊ?” असं विचारण्यासारखं आहे. 2010 साली तर प्रत्यक्ष देशाच्या अर्थमंत्र्यांना असा फोन आला. महागाईवरून विरोधी पक्षांच्या नेत्यांबरोबर बैठक चालू होती, प्रणव मुखर्जींचा फोन वाजला, आणि पलीकडून गृहकर्जाची विचारणा झाली. देशाची तिजोरी ज्यांच्या हाती, त्यांना. बातम्या झाल्या, दूरसंचार खात्यात धावपळ झाली. मला मात्र त्यांचं उत्तर लक्षात राहिलं. आत्ता नको, बैठकीत आहे, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. बघा, अर्थमंत्र्यांनीही ‘नको’ म्हटलं नाही. ‘आत्ता नको’ म्हटलं. बंगालीतही ‘बघतो’ला चांगला शब्द असणार.

मराठीतून फोन आला की माझी पुरतीच पंचाईत होते. हिंदीत मी जरा तोऱ्यात बोलू शकतो, कारण हिंदीत मला लाज वाटण्याइतपत शब्दच येत नाहीत. पण गेल्या पावसाळ्यात एक मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, “सर, तुमच्यासाठी पाच लाखांचं प्री-अप्रूव्ड कर्ज आहे. बोलायला वेळ आहे ना?” बोलण्यातला हेल आमच्याकडचा, सांगली-मिरजेचा. आता हिला काय सांगणार? त्यातून माझ्यातला कर्ज खात्याचा कारकून जागा झाला. मी विचारलं, व्याज सरळ की घटत्या शिलकीवर? मुदतीआधी फेड केली तर दंड किती? प्रक्रिया शुल्कावर जीएसटी धरला का? बिचारी कागद चाळत राहिली. मग मी जामिनाबद्दल विचारलं. जामीनदार लागत नाही म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं की असं कर्ज देऊ नये, बुडतं. आमच्या शाखेतल्या दोन बुडीत खात्यांची हकिकतही सांगितली, नावं वगळून. बारा मिनिटं झाली. शेवटी तिनं धीर करून विचारलं, “सर, तुमचा महिन्याचा पगार किती?”

“मी निवृत्त आहे.”

“पेन्शन?”

“ईपीएस-95 ची. दोन हजार आठशे चाळीस.”

पलीकडे काहीतरी टाइप झाल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “बरं काका, ठेवते.”

फोन कट.

नको असलेला फोन समोरच्यानं आपण होऊन ठेवला, म्हणजे खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण संध्याकाळपर्यंत मला चैन पडलं नाही. ‘सर’चा ‘काका’ एका आकड्यात झाला होता. कर्ज नाकारल्यावर माणूस टेबलासमोरून कसा उठतो, ते मी इतकी वर्षं टेबलाच्या अलीकडून पाहिलं. पलीकडून पहिल्यांदाच पाहत होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, कर्ज नामंजूर झालं. “तुम्ही कर्ज मागितलंत?” तिनं हातातली भाजी खाली ठेवली. हे प्रकरण मिटवायला मला त्या बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला.

एके काळी फोनचं हे असं नव्हतं. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा फोन करणाऱ्याला तर पैसे पडतच, घेणाऱ्यालाही पडत, तेही मिनिटाला 16 रुपयांच्या घरात. म्हणजे ‘दोन मिनिटं बोलू का?’ असा प्रश्न कुणी विचारलाच, तर आपण 32 रुपयांचा हिशेब करून उत्तर दिलं असतं. फोन खिशात ठेवायचा तो दिसावा म्हणून. नंतर मिस कॉलची भाषा आली: एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी चुकली. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि आपण काय खूश झालो! चाळीचा दरवाजा काढून टाकला की वारा खेळता राहतो, हे खरंच आहे. वाऱ्याच्या मागून कोण कोण आत येतं, ते नंतर कळतं.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. 2007 मध्ये ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही निघाली. 2011 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. 1909 या नंबरावर ‘स्टार्ट 0’ असा संदेश पाठवला की सगळं बंद. पण मला खरी मौज वाटली ती निवडीच्या सोयीची. ज्याला सगळं बंद नको असेल त्यानं प्रकार निवडावेत: 1 म्हणजे बँक-विमा, 2 म्हणजे घरं-जागा, 3 शिक्षण, 4 आरोग्य, असं करत 7 म्हणजे पर्यटन. राइस प्लेट घेताना ‘भात नको, दोन चपात्या जास्त द्या’ म्हणावं तसं. आमच्या कट्ट्यावरच्या एकांनी पर्यटन चालू ठेवलं आहे. ते स्वतः कल्याणच्या पुढे जात नाहीत, पण काश्मीरचं पॅकेज ऐकायला त्यांना आवडतं.

मी ‘स्टार्ट 0’ पाठवलं. पोच आली. तीन-चार दिवस घर कसं शांत झालं. मग साध्या दहा आकडी नंबरांवरून पुन्हा सुरू. पुतण्या म्हणतो, नियम नोंदणी केलेल्यांना बांधतो. ज्यानं नोंदणीच केली नाही त्याला कसला नियम? तक्रार करावी तर नंबर, तारीख, बोलण्याचा मजकूर सगळं कळवायचं, आणि तेही पूर्वी तीन दिवसांच्या आत. 2025 मध्ये ती मुदत सात दिवसांची केली. मी एक तक्रार केलीही. तिचं काय झालं हे विचारायला फोन करावा असं वाटतं, पण त्यांना नको असला तर?

रेकॉर्ड केलेल्या आवाजांबद्दल मला फार बोलायचं नाही. एवढंच सांगतो, की 2024च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या सासूबाईंना एका पुढाऱ्याचा रेकॉर्ड केलेला फोन आला, आणि त्यांनी तो पूर्ण ऐकून “हो हो, आमचे हेही तुम्हालाच मत द्यायचे, तब्येतीला जपा” असं उत्तर दिलं. अजूनही त्यांच्या भजनी मंडळात ‘साहेबांनी स्वतः फोन केला होता’ ही गोष्ट चालू आहे. त्या एका फोनचे पैसे मात्र वसूल झाले.

आता गंमत नसलेला प्रकार. मागच्या मार्चमध्ये एक फोन आला. माझ्या नावे परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, गुन्हा दाखल झाला आहे, व्हिडिओ कॉलवर या, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे. स्क्रीनवर खाकी वर्दीतला माणूस, मागं भिंतीवर चक्र-बिक्र. वास्तविक अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलेलं, आणि मी ते ऐकलेलंही. शिवाय पुढे कित्येक महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करत, मग समोरचा मिळे. एवढं सगळं कानावरून जाऊनही वर्दी पाहिल्यावर माझी पाठ ताठ झाली आणि मी शर्टाचं वरचं बटण लावलं. अमली पदार्थांशी माझा संबंध म्हणजे वडिलांची तपकीर. तरी मनात आलं, तीच तर नव्हे?

इतक्यात बायको दळणाचा डबा घेऊन आली.

“कुणाशी बोलताय?”

“हलायचं नाही म्हणतायत,” मी ओठ न हलवता म्हणालो.

तिनं चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. “कोण हो तुम्ही?”

“मॅडम, ये अरेस्ट में हैं.”

“असू देत. पण गिरणी एकला बंद होते. आधी गहू दळून आणू देत, मग न्या.” आणि तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. ‘बघतो’ नाही, ‘कळवतो’ नाही. मी खालच्या मानेनं गिरणीत गेलो. परत आल्यावर तिनंच मला सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करून तो नंबर कळवायला लावला. आमच्याकडे खरी अटक कुणाची चालते, हे त्या भामट्याच्या पार्सलवाल्या यादीत नव्हतं.

इथवर मी बिचारा होतो. मग दिवाळीआधी आमच्या शाळेच्या गटावर टूम निघाली, की 1982च्या दहावीच्या बॅचनं मिरजेत जमायचं. वर्गणी डोई दोन हजार. ग्रुपवर नसलेल्या एकोणीस जणांचे नंबर कुठून कुठून गोळा झाले आणि फोन करायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर ‘पम्या रिकामाच आहे.’

पहिले सहा फोन कुणी उचललेच नाहीत. दोघांनी कापले. नवव्या नंबरावर आवाज आला.

“सुऱ्या का रे? अरे मी प्रमोद. मिरज. दहावी ब.”

शांतता.

“पुढं बोला की.”

“तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी.”

“वर्गशिक्षक कोण?”

सांगितलं.

“त्यांना काय म्हणायचे?”

तेही सांगितलं. ते इथं छापता येणार नाही. बायकोनं आतून डोकावून पाहिलं.

“हे लोक सगळी माहिती काढत्यात आजकाल,” सुऱ्या पलीकडे कुणाला तरी म्हणाला. मग मला म्हणाला, “हे बघा, मी ओटीपी देणार नाही.”

“अरे ओटीपी कोण मागतंय? आपण सगळे जमतोय. वर्गणी फक्त दोन हजार...”

“आला की नाही पैशावर!” आणि फोन ठेवला.

मी सोडलं नाही. संध्याकाळी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी शाळेचा फोटो पाठवून लावला. कुणी ‘बघतो’ म्हणालं की मी वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करत गेलो. ‘घरी विचारून कळवतो’ला अर्धी खूण. दहा दिवसांत बारा जण पक्के झाले. ते मी केटरिंगवाल्याला कळवलं. पैसे कुणाचेच आले नव्हते, पण माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

भाऊबीजेला पुतण्या आला होता. नंबरामागचं नाव दाखवणारं ते ॲप त्याच्या फोनमध्ये आहे. म्हटलं, बघ रे, माझा नंबर टाकल्यावर काय दिसतं. त्यानं टाकला, हसू दाबलं आणि फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीन लालभडक झाली होती. वर नाव होतं ‘पम्या वर्गणी’. खाली अकरा जणांची तक्रार.

पक्क्या बारांपैकी तक्रार न करणारा तो एक कोण असेल? मी वही उघडली आणि ओळीनं फोन लावायला बसलो. चौथ्या नंबरावर आमचा वर्गप्रमुख लागला.

“प्रमोद, आत्ता जरा स्मशानात आहे रे,” तो आवाज खाली आणून म्हणाला. त्याच्या मागं कुकरची तिसरी शिट्टी झाली.

“असू दे, असू दे,” मी म्हटलं. “किती वाजता मोकळा होशील?”